तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण

आजऱ्याहून येताना मी तांदूळ आणला आणि सलाम विसरलो.

तांदूळ विसरण्यासारखा नव्हताच. नवा घनसाळ. पिशवीचं तोंड सुतळीनं आवळलं होतं तरी अख्ख्या एसटीत घमघमाट सुटला होता. शेजारी बसलेल्या पावण्यानं उत्तूर येईपर्यंत परत परत विचारलं, "कुठनं घेतला वो?" सलामाला वास नसतो. तो तोंडात घेऊन यायचा असतो, आणि माझ्या तोंडात त्या दिवशी माझंच कौतुक इतकं भरलं होतं की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

आता हा सलाम काय, ते सांगायला हवं. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटलो की सलाम म्हणतो. रस्त्यात, दवाखान्यात, लग्नात, मयताला. शिवाय एका गावची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, दुसऱ्या गावी जाणाऱ्याजवळ सलाम देतात. "तिकडं सगळ्यांना आमचा सलाम सांगा." हे नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कुणी सलाम आणलाय का?" मग मलकापूरहून आलेला उभा राहतो, मिरजेहून आलेली उभी राहते, आणि आणलेला सलाम सगळ्यांसमोर पोचता करतात. मंडळी एका आवाजात "सलाम" म्हणते. व्यवहार पुरा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आजऱ्याच्या मंडळीनं मला कापणीच्या सणाला उपदेश करायला बोलावलं होतं. मी काही पाळक नव्हे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे, आणि पाळकसाहेबांना ताप आला किंवा परगावी जायचं असलं की त्यांच्या जागी उपदेशाला उभं राहायचं, एवढंच. बदली कामगार म्हणा ना. पण त्या दिवशी आजऱ्यात उपासनेनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरून सांगितलं, "असा उपदेश आमच्यात लई वर्सांत झाला न्हाई." झालं, मी तरंगायला लागलो. त्या गृहस्थांना ऐकू कमी येतं, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

असा तरंगत मी आजऱ्याच्या स्टँडवर उभा असताना थोरल्या मावशी आल्या. थोरल्या मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची सख्खी थोरली बहीण. या दोघी बहिणी माझ्या लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात थोरल्या मावशी धाकटीला "सलाम" म्हणाल्या. नेमकं तेव्हाच, आचारी रश्श्यात तिखट टाकायला हात आखडतोय अशी बातमी सासूबाईंच्या कानावर आली होती. त्या तशाच तरातरा पुढं निघून गेल्या. सलाम घेतलाच नाही. थोरल्या मावशी चारचौघांत म्हणाल्या, "सरकारी जावई मिळाला. आता आमचा सलाम कशाला लागतोय?" आणि न जेवता मिळेल त्या गाडीनं आजऱ्याला परत गेल्या. लग्नातलं मटण टाकून माणूस उठून गेलं म्हणजे प्रकरण कुठवर गेलं, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सासूबाई आमच्याकडेच राहायच्या. मी त्यांना मामी म्हणायचो, त्या मला पावणं म्हणायच्या, आणि एकाच घरात राहून इतकी वर्षं माझा पाहुणेपणा त्यांनी संपू दिला नव्हता. थोरलीचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "चूक माझीच हाय. पर थोरली ती. मी आपनहून गेले आनि तिनं दारातनंच परत लावलं तर? तिनं एकदा सलाम पाठवू दे. हाय त्या लुगड्यावर उठून जाईन." हे वाक्य आमच्या घरात नाताळला व्हायचं, ईस्टरला व्हायचं, आणि भात करपला तरी व्हायचं.

तर स्टँडवर थोरल्या मावशींनी माझ्या हातात पिशवी दिली.

"पावणं, ह्यो तांदूळ तिला द्या. आनि माझा सलाम सांगा."

"सांगतो की, मावशी."

"कार्ड टाकलं असतं. पर सलाम तोंडानंच जायला पायजे. संक्रांत झाली की डोळ्याचं आपरेशन हाय माझं, गडहिंग्लजला. पट्टी बांधायच्या आदी तिचं तोंड एकदा दिसू दे म्हनावं. पुढचं देव जाणे."

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. हे मी ज्या आवाजात म्हणालो तो अजून उपदेशाचाच आवाज होता. गाडी सुटली. मी खिडकीशी बसून विचार करू लागलो, की हाच उपदेश मिरजेला केला तर दुसरा मुद्दा आधी घ्यावा का.

कोल्हापूरला घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तांदूळ कुठला?"

"आजऱ्याच्या मंडळीनं दिला," मी म्हणालो. कापणीच्या सणाला उपदेशकाला काहीतरी बांधून देतातच. बोलताना ते मलाच खरं वाटलं. पुढच्या रविवारी मी छाती काढून उभा राहिलो आणि आजऱ्याच्या मंडळीचा सलाम आमच्या मंडळीला पोचता केला. सगळ्या गावाचा पोचवला, आणि एका बाईचा पोटात ठेवला.

मामींनी त्या भाताचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला. "आमच्या वड्याकडच्या वावराचा वास हाय ह्याला."

"आई, भाताला वावराचा वास येतो होय?" बायको म्हणाली.

"येतो. तुला न्हाई कळायचं. तू रेशनवर वाढलीस."

तेवढ्यावर तो विषय संपला. उरलेला तांदूळ मामींनी नाताळासाठी डब्यात घालून ठेवला.

नाताळात आमची मंडळी घरोघरी गात फिरते. त्यात पाळकसाहेबांचा घसा असा बसला की नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारचा उपदेश माझ्याकडे आला. पाळकसाहेब माझे गुरू. त्यांनीच मला उपदेश बांधायला शिकवलं. ते म्हणायचे, शास्त्रातला एक शब्द धरायचा आणि ओढ्याच्या काठानं चालावं तसं त्याच्याबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं. वाटेत पुष्कळ काय काय सापडतं. त्यातलं तीनच उचलायचं, बाकीचं तिथंच ठेवायचं. लोकांना घरी जाऊन मटण शिजवायचं असतं.

मी नकाशे काढणारा माणूस. मला हे माझ्या पद्धतीनं कळलं. पहिला मुद्दा पाया, दुसरा भिंत, आणि तिसरा सांडवा. पाणी अडवून ठेवलं आणि जादा पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर बंधारा फुटतो. उपदेशाचंही तेच. पाळकसाहेब हसून म्हणाले होते, "बरोबर. शेवटच्या मुद्द्याला ऐकणारा माणूस उठून काहीतरी करायला निघाला पाहिजे, आवाहन म्हणतात ते यालाच. आणि मुद्दा नुसता कोरडा सांगू नका, प्रत्येकाला एक उदाहरण द्या." माझ्या उपदेशाला तोपर्यंत माणसं उठत होती, नाही असं नाही, पण ती बाहेर जाऊन पाणी पिऊन परत येत होती.

नव्या वर्षाला मी शब्द निवडला सलाम. आता हसू येतं. तेव्हा मला तो फारच समयोचित वाटला होता.

पाया चांगला लागला. पुनरुत्थानानंतर प्रभू बंद दाराआडच्या शिष्यांपुढं येऊन उभा राहतो. ही तीच माणसं, अडचणीच्या वेळी पळून गेलेली. तो "कुठं होता?" असं विचारत नाही. आधी शांती देतो, म्हणजे आपल्या भाषेत सलामच. दुसरा मुद्दा, शिष्यांना गावोगाव धाडताना त्यानं सांगितलेलं. कुठल्याही घरात पाऊल टाकाल तेव्हा आधी शांती द्या. घेणारं कुणी असलं तर ती तिथं राहील, नसलं तर तुमच्याकडे परत येईल. म्हणजे सलाम वाया जात नाही. भिंत उभी राहिली. तिसऱ्या मुद्द्याला मला फिबी सापडली. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी नुसते सलामच सलाम आहेत, याला सांगा, तिला सांगा. ते पत्र फिबी नावाच्या बाईनं नेलं, असं जाणकार म्हणतात. म्हणून तिसरा मुद्दा: सलाम नेणारा. सांडवा तयार. फक्त उदाहरण मिळेना.

शनिवारी संध्याकाळी बायको युनिफॉर्मला इस्त्री करत होती. ती नर्स. माझा प्रत्येक उपदेश आधी इस्त्रीच्या टेबलापुढं व्हायचा, आणि तिथं तो जितका चुरगळायचा तितका पुलपिटावर कधी चुरगळला नाही.

"तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण?" तिनं विचारलं.

"पोस्टमन घेऊ?"

"मागच्या वेळी पोस्टमनच होता. त्याच्या आधी पण पोस्टमनच होता. त्या बिचाऱ्याला आता पेन्शन द्या."

"मग एका इंग्रजी पुस्तकात घोडेस्वाराची गोष्ट आहे. सेनापतीचा निरोप घेऊन रात्रभर घोडा..."

"आपल्या मंडळीत घोडेस्वार कोण आहे हो?"

"तसं कुणी नाही."

"मग? काहीतरी घरातलं सांगा की. माणसांना घरातलं लागतं."

"आपल्या घरात काय घडतंय सांगण्यासारखं?" मी वैतागून म्हणालो.

मामी आतून ओरडल्या, "पावणं, काय बी सांगा, पर लई लांबवू नगा! उद्या डब्यातला शेवटचा घनसाळ लावायचा हाय, थंड करू नगा." मी हो म्हणालो आणि परत उदाहरण शोधायला लागलो. स्वयंपाकघरातून निवडायला काढलेल्या त्या तांदळाचा वास येत होता. मी उठून मधलं दार लोटून घेतलं, म्हणजे लक्ष लागेल.

रविवारी चर्च भरलं होतं. आमच्याकडे बायका उजवीकडं, पुरुष डावीकडं. मामी तिसऱ्या बाकावर कडेला, शेजारी बायको. पाळकसाहेब गळ्याला मफलर गुंडाळून माझ्यामागं खुर्चीवर बसले होते. पाया झाला. भिंत झाली. बायका माना डोलवत होत्या. मी तिसऱ्या मुद्द्यावर आलो, उदाहरण नव्हतंच, तेव्हा म्हटलं बायको सांगते तसं घरगुती करून टाकू.

"समजा," मी म्हणालो, "फिबी रोमेत पोचली. दारातच तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. सगळ्यांनी विचारलं, काय आणलंस? तिनं पिशवी सोडली. वाटेवरचं उरलेलं खाणं काढलं, गावाकडचा तांदूळ काढला..."

रोमेत तांदूळ कुठून आला, असा प्रश्न माझा मलाच पडला. आणि ज्या क्षणी पडला त्या क्षणी उत्तरही आलं. घनसाळ, सुतळी, स्टँड, संक्रांत, पट्टी, सगळं एकदम. माझं तोंड उघडं राहिलं.

पाळकसाहेबांना वाटलं, मी ओळ विसरलो. ते मागून खोकले. पुढच्या बाकावरच्या एका वडीलधाऱ्यांना वाटलं, उपदेश संपला. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं. ते बघून बाकीच्यांनीही उघडलं. मी पुलपिटाची कड घट्ट धरली.

"मामी," मी म्हणालो, "थोरल्या मावशींनी तुम्हाला सलाम सांगितलाय."

पुस्तकांचा आवाज थांबला. मामी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कवा?"

"कापणीच्या सणाला."

"आनि त्यो तांदूळ?"

"तोही त्यांचाच. तुमच्यासाठी दिलेला."

"वड्याकडच्या वावरातला," मामी म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"आणि संक्रांतीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी बांधायच्या आधी तुमचं तोंड दिसू दे म्हणाल्या."

मामींनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय काय होतं ते मी इथं लिहीत नाही, समजणाऱ्याला समजेल. मग त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक शेजारणीला दिलं, पदर खोचला, आणि उभ्या राहिल्या. मधल्या वाटेनं त्या सरळ दाराकडं निघाल्या. चपला घालायला थांबल्या नाहीत, हातातच घेतल्या. माझी बायको पर्स उचलून त्यांच्यामागं पळाली.

पाळकसाहेब बसक्या घशानं मागून कुजबुजले, "आवाहन घ्या, आवाहन!"

"साहेब," मी वळून म्हणालो, "आवाहन निघून गेलं."

मी आमेन म्हणून खाली उतरलो. आमच्याकडे उपदेशानंतर एक वडीलधारी व्यक्ती प्रार्थना करते. खरं म्हणजे ती प्रार्थना देवासमोर मांडलेली उपदेशाची तपासणीच असते, आणि उपदेशकाला डोळे मिटून ती ऐकावी लागते. त्या दिवशीची मला जवळजवळ पाठ आहे. "हे प्रभू, आमच्या भावानं दोन मुद्दे बरे सांगितले. तिसरा तू स्वतःच घेतलास, त्याबद्दल उपकार. भावाची स्मरणशक्ती तुला ठाऊक होती, आम्हाला आज कळली. तिच्यावर हात ठेव. आणि म्हातारीला गाडीत जागा मिळू दे." सगळ्या मंडळीनं नेहमीपेक्षा मोठ्यानं आमेन म्हटलं.

मी स्कूटर काढून स्टँड गाठला, तर आजऱ्याची गाडी लागलेली, आणि मामी खिडकीशी बसलेल्या. बायकोनं माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. म्हणजे मी येणार हे तिला ठाऊक होतं. कागलला मी शेंगा घेतल्या. त्या मामींनी घेतल्या, पण खिडकीकडं बघत. मधेच त्या बायकोला म्हणाल्या, "एवढं दिवस तिला काय वाटलं आसंल गं? पुन्यांदा सलाम घेतला न्हाई म्हनून बसली आसंल." मी शेंगांची टरफलं ओंजळीत धरून बसलो, ती टाकायचंसुद्धा सुचलं नाही.

थोरल्या मावशी दारात उन्हाला बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी कपाळावर हात आडवा धरला.

"कोन त्ये?"

"मी हाय," मामी म्हणाल्या.

"मी कोन?"

मामी अंगणातच थांबल्या. मला वाटलं, आता या परत फिरतात. मग त्या म्हणाल्या, "सलाम, अक्का."

थोरल्या मावशींनी कपाळावरचा हात खाली घेतला. बायकोनं माझं कोपर धरलं होतं, त्यात तिची नखं रुतली.

"सलाम," थोरल्या मावशी म्हणाल्या. "तांदूळ संपला म्हनून आलीस व्हय?"

"न्हाई गं! आज कळलं मला! ह्या पावण्यानं सांगितलंच न्हाई. तांदूळ खाऊ घातला आनि सलाम गिळून बसला!"

"वाटलंच मला. गाडीत चढताना माझ्याकडं बघत हुता, पर ध्यान त्येचं न्हवतंच." त्यांनी धाकटीचा हात धरून तिला उजेडाकडं ओढलं, तोंड अगदी जवळ नेलं आणि बघत राहिल्या. "किती वाळलीस गं."

"तू कुठं फुगलीयास?"

"लग्नातलं मटन तरी चांगलं झालतं का?"

"कुठलं? तिखटच न्हवतं."

"बरं झालं, खाल्लं न्हाई."

त्यानंतर आमच्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. मामी ऑपरेशन होईपर्यंत तिथंच राहणार, हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. हाय त्या लुगड्यावर आल्या होत्या, तेव्हा थोरलीनं आपली लुगडी काढून दिली. आम्ही मात्र संध्याकाळच्या गाडीला निघालो. निघताना थोरल्या मावशींनी पुन्हा एक पिशवी बांधून दिली, तशीच सुतळी, तोच वास. आणि मामींकडं बघत मला म्हणाल्या, "पावणं, कोल्हापूरच्या मंडळीला आमच्या दोघींचा सलाम सांगा." दोघी इतक्या हसल्या की मामींना ठसका लागला.

गाडीत बायकोनं पिशवी पायाजवळ ठेवली. माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. पाळकसाहेबांनी म्हटल्यासारखं माझ्या उपदेशानं एक माणूस खरोखर उठून निघालं होतं, हे कुणीतरी म्हणावं असं मला फार वाटत होतं. उत्तूर मागं पडल्यावर मी हळूच विचारलं, "उपदेश तसा बरा झाला ना?"

तिनं पायाजवळची पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "झाला की. आता मंडळीला सलाम मी सांगते. तुम्ही तांदूळ धरा."